वाचादोष असलेल्या बालकांच्या बोलण्याची सुबोधता : मापन आणि श्रोता

प्रस्तावना

चार वर्षांचा एक मुलगा अंगणवाडीत येऊन उत्साहाने सांगतो, “तातीने दाडी आनली.” अंगणवाडीच्या बाईंना ‘दाढी’ ऐकू येते आणि त्यांना हसू आवरत नाही. दारात उभी असलेली आई म्हणते, “काकीनं गाडी आणली म्हणतोय, बाई.” मुलाच्या तोंडून निघालेले ध्वनी दोघींच्या कानांवर सारखेच पडले. एकीला तिन्ही शब्द कळले, दुसरीला एकच. अशा वेळी या मुलाचे बोलणे शंभर टक्के समजते असे म्हणावयाचे, की तेहतीस टक्के?

वरील उदाहरण केवळ विषयप्रवेशासाठी घेतलेले आहे. परंतु त्यातील प्रश्न काल्पनिक नाही. दुभंगलेला टाळू, सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, डाउन सिंड्रोम अथवा कोणतेही शारीरिक कारण न आढळणारा उच्चारदोष, यांपैकी काहीही असो, मुलाला वाचा उपचार हवेत का, चालू असलेल्या उपचारांचा उपयोग होतो आहे का, शाळेत त्याला कोणती मदत द्यावी, हे ठरविताना ‘त्याचे बोलणे कितपत कळते’ हा निकष वापरला जातो. त्याचे उत्तर पुष्कळदा एका आकड्यात दिले जाते. तो आकडा कसा तयार होतो आणि तो नेमका कोणाविषयी बोलतो, हे मराठीच्या संदर्भात समजावून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाचाशास्त्र हा आपल्याकडे अजूनही रुग्णालयांच्या आवारात राहिलेला विषय आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६३ साली या विषयाचे देशातील पहिले शिक्षण सुरू झाले, वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तथापि भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि मराठी या विभागांशी त्याचा संवाद फारसा झालेला दिसत नाही. वास्तविक, पुढील विवेचनावरून लक्षात येईल की, या विषयातील काही अडचणी मराठीच्या अध्यापकांवाचून सुटणाऱ्या नाहीत.

सुबोधता म्हणजे काय?

बोलणाऱ्याला जे म्हणावयाचे होते त्यातील किती भाग ऐकणाऱ्याला केवळ ऐकून ओळखता आला, याला वाणीची सुबोधता म्हणतात. ही व्याख्या साधी दिसते, पण तिच्यात दोन माणसे आहेत. उच्चारांची शुद्धता बोलणाऱ्याच्या एकट्याच्या बाजूने तपासता येते. सुबोधता मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये घडते. वजनकाट्यावर मुलाचे वजन आई घेवो अथवा परिचारिका, ते तेच येते. सुबोधतेचा काटा म्हणजे श्रोता असतो आणि प्रत्येक श्रोता वेगळा असतो.

सुबोधता आणि संदेशाचे एकूण आकलन यांतही भेद केला जातो. कॅथरीन यॉर्कस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा भेद विशेष आग्रहाने मांडला. हातवारे, चेहरा, समोर ठेवलेली वस्तू, आधी चाललेला विषय या सर्वांच्या आधाराने जे कळते ते एकूण आकलन. केवळ ध्वनीवरून कळते ती सुबोधता. खेळण्यातली गाडी हातात धरून मुलगा ‘दाडी’ म्हणाला असता तर बाईंचीही फसगत झाली नसती. दोन्ही गोष्टी मोजण्याजोग्या आहेत; फक्त एकीचा आकडा दुसरीच्या नावावर लिहू नये.

शब्द लिहून घेण्याची पद्धत

सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत ही आहे : मुलाकडून ठरावीक शब्द अथवा वाक्ये वदवून ध्वनिमुद्रित करावीत, ती मुलाला न ओळखणाऱ्या काही श्रोत्यांना ऐकवावीत, आणि जे ऐकू आले ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. बरोबर ओळखलेल्या शब्दांना एकूण शब्दांनी भागून शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. समजा, ५० शब्दांपैकी तीन श्रोत्यांनी अनुक्रमे ३१, २८ आणि ४० शब्द ओळखले. त्यांच्या टक्केवाऱ्या ६२, ५६ आणि ८० येतात आणि सरासरी ६६. अहवालात बहुधा हा ६६ चा आकडाच जातो. ५६ आणि ८० यांच्यातील अंतर गळून पडते; आणि खरे तर शिक्षकाला उपयोगी पडणारी माहिती त्या अंतरातच असते. सहा महिन्यांनी हीच चाचणी घेतली आणि सरासरी ७४ आली, तर मूल सुधारले की या वेळी श्रोते अधिक चांगले मिळाले, हे श्रोत्यांची संख्या व निवड ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही. त्याच श्रोत्यांना तीच यादी पुन्हा ऐकवली तर त्यांना शब्द आठवतात आणि त्या मुलाच्या बोलण्याची सवयही झालेली असते. सुधारणा मग मुलात होण्याऐवजी श्रोत्यात होते.

सुटे शब्द घ्यावेत की वाक्ये, हाही प्रश्न आहे. वाक्यात संदर्भाचा आधार मिळतो. ‘आई पोली लाटते’ असे ऐकून कोणीही ‘पोळी’च लिहील, सुटा ‘पोली’ ऐकून अनेकजण अडखळतील. त्यामुळे दोष सौम्य असेल तर वाक्यांचे गुण शब्दांपेक्षा बरे येतात. दोष तीव्र असेल तर उलट घडू शकते : शब्दांच्या सीमाच कळेनाशा होतात, श्वास पुरत नाही, आणि श्रोत्याला संदर्भ उभा करण्यापुरतेही शब्द हाती लागत नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बाबतीत हा अनुभव येतो. म्हणून एकाच प्रकारच्या सामग्रीवर विसंबणे धोक्याचे आहे.

लेखनाऐवजी पर्याय देऊनही चाचणी घेता येते. रे केंट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इंग्रजीसाठी अशी रचना सुचविली. ७० शब्द, प्रत्येकाला चार पर्याय आणि त्यामागे १९ ध्वनिभेद. तिचा लाभ असा की, मुलाचे किती कळले याबरोबरच का कळले नाही, हेही उमगते. परंतु ही यादी मराठीत ‘अनुवादित’ करता येत नाही. इंग्रजीच्या ध्वनिभेदांमध्ये अल्पप्राण-महाप्राण आणि दंत्य-मूर्धन्य या जोड्यांना स्थान नाही. मराठीत तर अर्थाचा मोठा भार त्यांच्यावरच आहे. वात-वाट, पाट-पाठ, दार-धार, गडी-घडी, गाल-गाळ, मन-मण या जोड्या मराठी श्रोत्यासमोर ठेवल्याशिवाय मराठी मुलाची सुबोधता कळणार नाही. त्यात पुन्हा ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च लिपीत एकच असून उच्चारात वेगळे आहेत. श्रोत्याचे उत्तर लिपीत घ्यावयाचे म्हटले की हा भेद कागदावर दिसतच नाही. अशा चाचणीसाठी लागणारे शब्द चार वर्षांच्या मुलाला माहीत असले पाहिजेत, त्यांची चित्रे काढता आली पाहिजेत, आणि त्यांचे जोडीदार शब्दही श्रोत्याला तितकेच परिचित असले पाहिजेत. ‘मण’ हे माप आज किती तरुण श्रोत्यांना आठवेल? यादी करणे हे वाटते तितके किरकोळ काम नाही.

उच्चार मोजणे आणि सुबोधता मोजणे

अमेरिकेतील लॉरेन्स श्रायबर्ग आणि जोन क्वियाटकोव्स्की यांनी १९८२ मध्ये अचूक व्यंजनांची टक्केवारी काढण्याची पद्धत दिली. मुलाच्या सहज संभाषणाचा नमुना घ्यावयाचा आणि त्यातील किती व्यंजने बरोबर उच्चारली गेली ते मोजावयाचे. ८५ च्या वर सौम्य, ६५ ते ८५ सौम्य ते मध्यम, ५० ते ६५ मध्यम ते तीव्र आणि ५० च्या खाली तीव्र, अशा पायऱ्या त्यांनी सांगितल्या. ही पद्धत सोपी व पुनरावृत्तीस योग्य असल्याने फार लोकप्रिय झाली. आणि लोकप्रियतेच्या ओघात तिचा आकडा पुष्कळदा सुबोधतेचाच आकडा समजला जाऊ लागला.

आरंभीच्या वाक्यावर ती लावून पाहू. एक वाक्य हा अर्थातच पुरेसा नमुना नव्हे. पद्धत दिसण्यापुरता तो घेऊ. ‘काकीने गाडी आणली’ यात क, क, न, ग, ड, ण, ल अशी सात व्यंजने आहेत. मुलाच्या उच्चारात न, ड आणि ल ही तीनच बरोबर आहेत. सातात तीन म्हणजे ४३ टक्के, दोष ‘तीव्र’. आता हा मुलगा ज्या घरात वाढतो त्या घरात सगळेच ‘आनली’ आणि ‘पानी’ म्हणत असतील तर? मग ‘आनली’तला न हा दोष उरत नाही. सातात चार, म्हणजे ५७ टक्के. दोष ‘मध्यम ते तीव्र’. मुलाची जीभ होती तेथेच आहे, केवळ तपासणाऱ्याने कोणती मराठी प्रमाण धरली यावर पायरी बदलली.

या पद्धतीच्या मूळ नियमांतच मुलाच्या स्वतःच्या बोलीप्रमाणे अपेक्षित उच्चार ठरवावा, असे सांगितलेले आहे. नियम आहे, अडचण तो पाळणाऱ्याच्या कानाची आहे. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो, हे ज्याला ठाऊक नाही असा शहरी तपासनीस ळ च्या जागी य म्हणणाऱ्या मुलाला सहज दोषी ठरवील. उलट, ज्या मुलाला खरोखरच ळ उच्चारता येत नाही त्याच्याकडे ‘त्यांच्याकडे असेच बोलतात’ म्हणून दुर्लक्षही होऊ शकेल. महाराष्ट्रातील बोलींची वर्णने मराठीच्या अभ्यासकांनी केलेली आहेत. ती वाचा उपचारतज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचण्याची वाट अद्याप तयार व्हावयाची आहे.

शिवाय अचूक व्यंजने आणि सुबोधता यांचे नाते सरळ रेषेत जात नाही. स चा उच्चार जीभ दातांत आणून करणाऱ्या मुलाची टक्केवारी घसरते, पण त्याचे सगळे बोलणे सर्वांना कळते. याउलट, क आणि ग यांच्या जागी सर्वत्र त आणि द म्हणणारे मूल थोड्याच प्रकारच्या चुका करते. परंतु काका, काकी, गाडी, गाय हे त्याच्या जगातले नित्याचे शब्दच श्रोत्याच्या हातून निसटतात. ज्या मुलांचे स्वर बिघडलेले असतात त्यांच्याबाबत तर व्यंजनांची मोजणी काहीच सांगत नाही.

सहज संभाषणात आणखी एक पेच आहे. मूल काय म्हणाले तेच कळले नाही, तर ते किती शब्द बोलले हे तरी कसे मोजावयाचे? भागाकाराचा छेदच सापडत नाही. पीटर फ्लिप्सन यांनी २००६ मध्ये या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेतला. न कळलेल्या पट्ट्यातील अक्षरे मोजून त्यावरून शब्दसंख्येचा अंदाज बांधणे हा त्यावरचा एक मार्ग होय. हा अंदाजही प्रत्येक भाषेत वेगळा बांधावा लागेल. प्रत्यय जोडून लांबणाऱ्या मराठी शब्दात अक्षरे किती असतात, याचे गणित इंग्रजीवरून उसने घेता येणार नाही.

श्रेणी देण्याच्या पद्धती

शब्द लिहून घेण्यास वेळ लागतो. म्हणून प्रत्यक्षात श्रेणीवरच अधिक काम चालते. श्रोत्याने नमुना ऐकावा आणि एक ते पाच अथवा एक ते सात यांपैकी आकडा द्यावा. यावर निकोलस शियावेट्टी यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप महत्त्वाचा आहे. अशा श्रेणीत प्रत्येक पायरी सारख्या उंचीची आहे असे आपण गृहीत धरतो, पण ऐकणाऱ्याचे मन सुबोधतेचे तसे समान भाग पाडत नाही. दोन टोकांची मुले चटकन ओळखता येतात; मधली सगळी मुले तीन-चारच्या आसपास गोळा होतात. आणि उपचारांमुळे होणारा बदल बहुतांशी या मधल्या पट्ट्यातच घडत असतो.

तरीही श्रेणी निरुपयोगी ठरत नाही. अली यावर जंग संस्थेची २००३ ची सुबोधतेची श्रेणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शून्य ते सहा अशा तिच्या सात पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सामान्य बोलणे आणि सहा म्हणजे आशय ठाऊक असूनही काहीच न कळणे. लक्षणीय आहेत त्या मधल्या पायऱ्या. तेथे सहानुभूतीने ऐकणारा श्रोता येतो, पुन्हा सांगावे लागणे येते, घरच्यांना कळते पण इतरांना नाही अशी स्थिती येते. ही श्रेणी मुलाच्या बोलण्याबरोबर श्रोत्याचेही वर्णन करते. शियावेट्टींचा आक्षेप तिलाही लागू होतो. पण ‘चार’ हा आकडा वाचणाऱ्या शिक्षिकेला त्यातून निदान एक चित्र दिसते. ‘सुबोधता ४० टक्के’ एवढ्यावरून ते दिसत नाही.

श्रोत्यांनाच मापनाच्या केंद्रस्थानी आणणारे साधन ऑस्ट्रेलियातील शॅरिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. पालकांना फक्त सात प्रश्न विचारावयाचे. मुलाचे बोलणे तुम्हाला, घरच्या माणसांना, इतर नातेवाइकांना, त्याच्या मित्रांना, ओळखीच्यांना, शिक्षकांना आणि अनोळखी माणसांना कळते का? उत्तर ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत पाच पायऱ्यांत. साठांहून अधिक भाषांत त्याची भाषांतरे झाली आहेत. काही मिनिटांत भरता येते, विनामूल्य आहे, ध्वनिमुद्रणाची गरज नाही. भाषांतरात मात्र सावधगिरी हवी. मूळ प्रश्नांतील ‘घरची माणसे’ आणि ‘इतर नातेवाईक’ ही विभागणी लहान कुटुंब गृहीत धरते. जेथे आजी, चुलते आणि चुलत भावंडे एकाच स्वयंपाकघरात जेवतात तेथे काकी कोणत्या रकान्यात बसवावयाची? हा भाषेपेक्षा समाजशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो भाषांतरकर्त्याने टाळला तर उत्तर देणारी आई तो आपल्या परीने सोडवील.

या साधनातही सातही उत्तरांची सरासरी काढली जाते, आणि तेथे पुन्हा तीच चूक होण्याचा संभव असतो. आईचे पाच आणि अनोळखी माणसाचे दोन यांची सरासरी साडेतीन येते. साडेतीन इतके समजणारा माणूस मात्र त्या मुलाला कोठेही भेटत नाही.

वयाचे मापदंड आणि त्यांचे कान

पालकांना नेहमी सांगितले जाणारे एक गणित आहे : दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी तीन चतुर्थांश आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सर्व बोलणे परक्याला कळावयास हवे. याचे मूळ जेम्स कोपलान आणि जॉन ग्लीसन यांच्या १९८८ च्या अभ्यासात आहे, आणि तो अभ्यास पालकांनी दिलेल्या अंदाजावर आधारलेला होता. प्रत्यक्ष परके श्रोते बसवून, त्यांच्याकडून शब्द लिहून घेऊन विस्कॉन्सिन येथे कॅथरीन हस्टाड आणि सहकाऱ्यांनी केलेले, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले काम वेगळे चित्र दाखविते. कोणताही दोष नसलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या सर्वसाधारण मुलाचेही चौथ्या वर्षाच्या सुमारास परक्या श्रोत्याला साधारण तीन चतुर्थांशच शब्द कळतात, आणि नव्वदीचा टप्पा बराच पुढे येतो.

या दोन आकड्यांचा गोंधळ झाला की त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. पालकांच्या अंदाजावरून आलेला मापदंड घेऊन परक्या श्रोत्याच्या लेखनाने मोजलेले मूल त्याला लावले, तर निरोगी मूल सदोष ठरेल. परक्यासाठीचा मापदंड घेऊन आईच्या उत्तराने मोजले, तर सदोष मूल निरोगी ठरेल. आपल्याकडे दुसरा प्रकार अधिक घडत असावा. ‘घरात तर सगळं कळतं’, ‘बोबडे बोल आहेत, मोठा झाला की सुधारेल’ या वाक्यांत आईवडिलांचे प्रेम असते आणि खोटेही काही नसते; त्यांना खरोखरच कळत असते. तीन-चार वर्षे रोज ऐकून त्यांचा कान त्या मुलापुरता तज्ज्ञ झालेला असतो. शाळेत गेल्यावर प्रथमच त्या मुलाला असा श्रोता भेटतो, ज्याने ही तालीम घेतलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. त्यात दुभंगलेला टाळू, श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब यांची तपासणी अंगणवाडी व शाळांतून होते. तपासणी करणारे पथक मुलाला परके असते, ही त्या पथकाची अडचण मानली जाते. सुबोधतेच्या बाबतीत मात्र ती त्याची जमेची बाजू आहे. अडचण येते ती तपासणीच्या गर्दीत मूल तोंडच उघडत नाही ही.

अलीकडे बोललेल्याचे लिखित रूप करणारी संगणकीय साधने श्रोत्याच्या जागी बसवावीत, असा विचार मांडला जातो. यंत्र थकत नाही आणि सवयीने पक्षपातीही होत नाही, हे खरे. पण यंत्राचा कान ज्या आवाजांवर घडलेला असतो तेच त्याला कळतात, आणि मराठी बोलणाऱ्या लहान मुलांचे, त्यातही वाचादोष असलेल्यांचे, आवाज त्या घडणीत कितीसे असणार? शिवाय वर्गातील सोबत्याला आपले बोलणे कळावे एवढीच मुलाची गरज असते. यंत्राचे गुण त्याला त्या सोबत्याविषयी काही सांगत नाहीत.

अहवालात काय लिहावे?

सुबोधतेच्या नोंदीत आकड्याबरोबर चार गोष्टी असाव्यात : श्रोते कोण व किती होते, मुलाशी त्यांची ओळख होती का, मुलाने काय म्हटले, सुटे शब्द, वाक्ये की सहज गप्पा, ऐकणे समोरासमोर झाले की ध्वनिमुद्रणावरून, आणि किती वेळा, आणि घरची बोली कोणती धरली. हे लिहिण्यास दोन ओळी लागतात. आरंभीच्या मुलाची नोंद मग अशी होईल : ‘घरची बोली धरून तपासले. सहज वाक्ये, समोरासमोर, एकदा ऐकून : आईला सर्व शब्द कळतात, अंगणवाडी सेविकेला तिनांपैकी सुमारे एक. क-ग च्या जागी त-द. वस्तू दाखविल्यास सेविकेलाही कळते. सहा महिन्यांनी हीच सामग्री, मुलाला न ओळखणाऱ्या नव्या श्रोत्यांसह.’

अशी नोंद हाती आलेल्या सेविकेला उपचार सुरू होण्यापूर्वीच एक काम करता येते. ‘दाडी’ ऐकू आले की हसण्याऐवजी खेळण्यांच्या टोपलीकडे बोट करून विचारता येते, “कोणती? दाखव बघू.”